मशीनला न जमणारी वीण

आमच्या घरात विणायच्या सुया बायकोच्या आणि विणायचं मशीन माझं. हे कळल्यावर पाहुणे आधी हसतात, मग मशीनभोवती एक फेरी मारतात आणि शेवटी सगळे एकच विचारतात, "पण विणतं तर मशीनच ना? मग तुम्ही काय करता?"

प्रश्न रास्त आहे. कॅरेज, म्हणजे सुयांच्या रांगेवरून हाताने सरकवायची पेटी, एकदा डावीकडून उजवीकडे नेली की दोनशे टाक्यांची अख्खी ओळ दोन सेकंदांत तयार. हिला तेवढ्या ओळीला पाच-सात मिनिटं लागतात, तीही मालिकेत फार काही घडत नसेल तर. त्यामुळे पाहुण्यांना वाटतं, सकाळी लोकर लावली की संध्याकाळी स्वेटर अंगात. पण दोन्ही प्रकारचं विणकाम एकाच खोलीत चालत असल्याने मला रोज दिसतं ते वेगळंच. हाताला जे सोपं ते मशीनला अवघड, आणि मशीन जे चुटकीसरशी करतं त्याला हात कंटाळतात.

शाळेत शिवणाच्या तासाला बाई पहिल्यांदा काय शिकवायच्या? सगळ्या सुया सुलट. जाताना सुलट, येताना सुलट, वाढेल तितका मफलर. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला येणारी ही वीण माझ्या मशीनला येत नाही. हाताने विणताना ओळ संपली की आपण विणकाम फिरवतो. मशीनवर विणकाम जागचं हलत नाही, फक्त कॅरेज ये-जा करते. म्हणून सगळे टाके एकाच तोंडाने पडतात. बायका ज्याला 'एक सुई सुलट, एक सुई उलट' म्हणतात ते कापड मशीन भराभर देतं, आणि आपणहून तेवढंच देतं. मध्येच एखादा उलट टाका हवा असेल तर तो सुईवरून सोडायचा आणि हातातल्या आकड्याने दुसऱ्या बाजूने पुन्हा उचलायचा. ब्रदर या जपानी कंपनीने यासाठी विजेवर चालणारी एक वेगळी कॅरेज काढली होती. ती एकटीच एकेक टाका सुलट-उलट करत इकडून तिकडे रांगत जायची. माणूस जेवून, वामकुक्षी करून आला तरी वीतभर कापड झालं तर झालं. एवढं डोकं आणि एवढी वीज लावून काय साधलं, तर चौथीतल्या मुलीचा मफलर.

उलट, दोन रंगांची नक्षी हाताने विणणं म्हणजे शिक्षा. दोन गुंडे, दोन्हींचा गुंता, शिवाय तोंडाने मोजणं चालू, त्यामुळे नवऱ्याशी बोलायची बंदी. मशीनला त्यात काहीच वाटत नाही. चोवीस घरांचं पंचकार्ड खोचायचं, जिथे भोक तिथे दुसरा रंग. कार्ड ओळीओळीने आपोआप पुढे सरकतं. अट एवढीच, की नक्षी चोवीस टाक्यांत किंवा चोवीसला भाग जाईल अशा आकड्यात बसली पाहिजे. सहा, आठ, बारा चालतात. दहा टाक्यांचं फूल चालत नाही. हिने एकदा तीस टाक्यांचा मोर काढून दिला होता. त्याचा पिसारा छाटायला सांगितल्यावर दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

आणखी एक गंमत पाहुण्यांना दाखवावी लागते. विणणाऱ्याच्या समोर येते ती कापडाची उलटी बाजू. नक्षी पलीकडे, भिंतीकडे तोंड करून तयार होत असते, आणि आपल्याला दिसतात ते मागचे लोंबते धागे. म्हणून मी दाढीचा लहान आरसा मशीनवर ठेवतो आणि मधूनमधून खालून आत धरून बघतो. हातविणकामात चूक पाच टाक्यांत डोळ्यांना दिसते. इथे हात इतका वेगात, की चूक दिसेपर्यंत वीस ओळी पुढे गेलेल्या असतात. त्यामुळे डोळ्यांपेक्षा कान तयार होतात. कॅरेज नीट चालली की एकसारखा खरखर आवाज येतो. त्यात एखादं 'टक्' आलं की थांबायचं. कुठेतरी सुईची जीभ मिटलेली असते, नाहीतर टाका सुईवर चढलेलाच नसतो.

ही जीभ या यंत्राचा जीव आहे. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि त्यावर उघडझाप करणारी तांदळाएवढी पट्टी. सुई पुढे आली की जुना टाका जीभ उघडून मागे जातो, आकड्यात नवी लोकर पडते, सुई मागे फिरली की तोच जुना टाका जीभ मिटवून वरून घरंगळतो. झाला नवा टाका. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने 1847 च्या सुमारास ही सुई काढली. त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षं, म्हणजे 1589 मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम लीने मोजे विणायचं पहिलं यंत्र केलं तेव्हापासून, वाकवलेल्या तारेच्या सुयांवर काम भागत होतं. एलिझाबेथ राणीने लीला पेटंट नाकारलं, हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्यांचं काय होईल म्हणून, असं सांगतात.

पण मला जास्त जवळचे वाटतात ते लडाइट. यंत्रं फोडणारे म्हणून त्यांचं नाव आज कुठेही फेकलं जातं. 1811 मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये ज्यांनी मोज्यांची यंत्रं फोडली, ते स्वतः यंत्रावर विणणारे कारागीर होते. त्यांचा राग मजुरीवर होता आणि एका विशिष्ट मालावरही. काही मालक रुंद यंत्रावर सपाट कापड विणून घेत, त्यातून मोज्याचे आकार कात्रीने कापत आणि शिवून स्वस्तात विकत. शिवण उसवली की मोजा गेला, आणि धंद्याचं नाव खराब.

विणलेल्या कापडाला कात्री लागली की मलाही कसंसंच होतं. मुंढा आणि गळा मी टाके घटवून करतो. काठाचे तीन टाके तीन दातांच्या हत्याराने उचलायचे, एक सुई आत सरकवायचे, रिकामी झालेली सुई मागे ढकलायची, दुसऱ्या काठाला तेच, मग दोन ओळी, मग पुन्हा. काठाजवळ जोडटाक्यांची एक तिरकी रेघ उमटते. बाजारच्या स्वेटरवर ती दिसली तर तो घडवून विणलेला आहे, कापलेला नाही, असं खुशाल समजावं. पाहुण्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या रेघेत आहे. सरळ भाग अर्ध्या तासात उरकतो आणि मुंढ्यापासून खांद्यापर्यंतच्या एवढ्याशा कापडाला दुपार जाते.

उरलेलं निम्मं उत्तर मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच खर्च होतं. लच्छी सोडवायची, गुंडा सैल करायचा, घट्ट गुंड्यातून लोकर ओढली गेली की काठ आवळतो. हा कार्यक्रम मी खुर्चीवर आणि ही दोन्ही हातांवर लच्छी धरून समोर, असा होतो. आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली त्या मानाने एकमेकांसमोर इतका वेळ बसायचं दुसरं निमित्त उरलेलं नाही. गुंडा करताना लोकर मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घेतो, म्हणजे सुयांवरून ती सुळकन जाते. दुकानात मिळणारी नेहमीची चारपदरी लोकर दोन सुयांत साडेचार मिलिमीटर अंतर असलेल्या या मशीनला बहुधा जाड होते. तिला बारीक, दोन-तीनपदरी लोकर मानवते. आडमुठेपणा करून जाड लोकर लावली तर कॅरेज मध्येच अडून बसते आणि मग दंडातलं बळ आजमावू नये.

मग नमुन्याचा तुकडा. चाळीस टाके, साठ ओळी, मध्ये खुणेला वेगळा रंग. तो काढल्या काढल्या मोजायचा नसतो. विणताना खाली लटकवलेल्या वजनांनी ओढलेला असल्यामुळे तो लांबट दिसतो. धुवायचा, वाळवायचा, रात्रभर पडू द्यायचा, मग पट्टी लावायची. टोरांटोच्या नातवाची मापं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि तो तुकडा वाळेपर्यंत नातू वाढतो, असा सुनेचा आरोप आहे. अ‍ॅक्रिलिक असेल तर त्यावर गरम इस्त्री टेकवायची नाही. कापड एकदा निपचित पडलं की पुन्हा उठत नाही.

कडांना गुंडाळायची खोड असते, म्हणून खाली-वर पट्टी लागतेच. मी दुप्पट विणून, पहिली ओळ पुन्हा सुयांवर चढवून दुमड घालतो. हिला ती दुमड आवडत नाही, 'शाळेच्या गणवेशासारखी' म्हणते, आणि गळा, मनगट स्वतः सुयांवर विणून देते. दिसतं तिचंच चांगलं, हे मी मान्य केलेलं आहे.

देखभालीचं मात्र सगळं माझ्याकडे. दर स्वेटरनंतर दाढीच्या ब्रशने तूस काढायचं. शिवणयंत्राचं पातळ तेल कापडाला लावून सुयांवर हात फिरवायचा. पांढरी लोकर लावण्याआधी रद्दी लोकरीच्या दहा-वीस ओळी विणायच्या, म्हणजे तेल तिच्यावर उतरतं. जुनं तेल कॅरेजखाली चिकट होऊन बसतं. ते स्पिरिटने पुसायचं, त्यावर नवं तेल ओतून चालत नाही. पावसाळ्यात सुयांना गंज धरतो, म्हणून जूनच्या आधी झाकणात सिलिका जेलच्या पुड्या.

पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू डोळ्यांना दिसतच नाही. सुयांवरून आडवी जाणारी एक धातूची पट्टी असते, तिच्या पोटाला स्पंज. तो सुया दाबून जागेवर धरतो. वापरा किंवा माळ्यावर ठेवा, काही वर्षांत तो चपटा होऊन भुगा होतो. मग सुया वर तरंगतात, टाके सुटतात, आणि लोक मशीन बिघडलं म्हणून भंगारात देतात. स्पंजची नवी पट्टी चिकटवली की तेच मशीन पुन्हा चालू. ब्रदरने घरगुती मशीनं काढणं गेल्या शतकाच्या शेवटीच बंद केलं, त्यामुळे बाजारात फिरतात ती बहुतेक कुणाच्या तरी मावशीची, आत्याची, पलंगाखालून निघालेली. घ्यायला जाल तेव्हा कॅरेज फिरवून दाखवणाऱ्यावर भुलू नका. आधी ती पट्टी बाजूने ओढून काढा आणि स्पंज बोटाने दाबून बघा. विकणाऱ्यानेच "पट्टी? कसली पट्टी?" असं विचारलं, तर सुया तपासा, किंमत अर्ध्यावर आणा आणि खुशाल घ्या.