सड्यावरचं एकच पान

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, रंग बदलायला लागतात. बहुतेक लोक सप्टेंबरची वाट पाहतात, कारण तेरडा, सोनकी, सीतेची आसवं सगळं तेव्हा एकदम फुलतं. पण गवत अजून घोट्याएवढंही झालेलं नसताना, जूनच्या शेवटी आणि जुलैत, त्याच सड्यावर एक पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलून जाते. सप्टेंबरची गर्दी येईपर्यंत तिची बोंडंही उलून रिकामी झालेली असतात. तिचं नाव हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सरळ आहे: हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरासारखी दिसणारी. हे नाव ब्लॅटर आणि मॅककॅन या दोघांनी दिलं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ज्यांनी पायपीट करून काम केलं, त्यांतले हे दोघे.

आमरी म्हटलं की आंब्या-जांभळाच्या फांदीवर मुळं लोंबवत बसलेली वनस्पती डोळ्यांपुढे येते. ही तशी नाही. ही मातीत उगवते, कंदावर जगते आणि वर्षातले जेमतेम तीन-चार महिने जमिनीवर दिसते.

ओळखायची असेल तर आधी फूल सोडा आणि खाली पान बघा. बहुधा एकच पान असतं, क्वचित दोन. गोलसर, बुडाशी हृदयासारखं, थोडं मांसल, आणि जमिनीला इतकं चिकटून पसरलेलं की बोट लावून उचललं तरच त्याची खालची बाजू दिसावी. त्या पानाच्या मधून वीतभर किंवा त्याहून बुटका दांडा सरळ वर येतो आणि त्यावर एक ते चार-पाच पांढरी फुलं. सड्यावर या दिवसांत दीपकाडीही पांढरीच फुललेली असते, त्यामुळे लांबून फसायला होतं. जवळ गेलं की शंका राहत नाही.

फुलाकडे दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहावं. समोरची मोठी पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती तीन भागांत चिरलेली असते. मधला भाग चिंचोळा, जिभेसारखा. बाजूचे दोन रुंद, पसरलेल्या पंखांसारखे. ओठाच्या मुळाशी एक भोक दिसतं. तिथून मागे एक नळी लोंबते आणि मध तिच्या तळाशी असतो. भोकाच्या वरच्या अंगाला दोन लहान कप्पे, प्रत्येकात परागांची पिवळसर गदेसारखी गाठ. तिच्या देठाच्या टोकाला चिकट बिंब असतं. फुलपाखरू किंवा पतंग सोंड घालायला डोकं पुढे करतो, बिंब त्याला चिकटतं आणि आख्खी गाठ निघून जाते. एक-एक परागकण उधळायची पद्धत इथे नाही, सगळं एका पुडीत बांधून पाठवायचं. म्हणूनच भिंगातून कप्पा रिकामा दिसला तर समजावं की या फुलाकडे कोणीतरी येऊन गेलं आहे. काडी घालून गाठ काढून बघायचा मोह टाळावा. त्या फुलाचे सगळे पराग तेवढ्यातच असतात.

आणखी एक गोष्ट भिंगाशिवायही दिसते. फुलामागचा देठ वाटतो तो खरं तर बीजांडकोश आहे, म्हणजे ज्याचं पुढे बोंड होतं तो भाग, आणि तो पिळलेला असतो. कळी उमलताना फूल अर्धा वेढा घेतं, म्हणून वरच्या बाजूला असायला हवा तो ओठ खाली येतो आणि येणाऱ्या कीटकाला बसायला पाट मिळतो.

चुका कुठे होतात ते सांगतो. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाची फुलंही पांढरी आणि अशाच पंखांची, पण ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते, उंच असते, बुडाशी एकाहून जास्त पानं असतात आणि मधाची नळी फुलाच्या मानाने फारच लांब, वितीच्या जवळपास जाणारी. हॅबेनारिया रॅरिफ्लोरा जून-जुलैत फुलते खरी, पण ती ओल्या उभ्या कातळाच्या भेगांत, शेवाळात बसते आणि तिची पानं लांबट, झुबक्यात असतात. हॅबेनारिया हेनियानाची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने लागतात, दात घासायच्या ब्रशसारखी. तिच्याबाबतीत गोंधळ होतच नाही. एक पान म्हणजे नर्व्हिलिया ही दुसरी आमरीही असू शकते. फरक असा की नर्व्हिलियाचं फूल आधी येऊन जातं आणि पान नंतर, तेही बहुधा देठावर उभं, पंख्यासारख्या चुण्या पडलेलं. फूल आणि चपटं पान एकाच वेळी दिसत असेल तर नर्व्हिलिया नाही.

आता खरा विषय, जमिनीखालचा. फुललेल्या रोपाखाली दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, सुरकुतत चाललेला. पान आणि दांडा त्याच्या साठ्यावर वर आलेले असतात. दुसरा या वर्षीचा, पांढरा, टणक आणि फुलाच्या वेळी अजून लहान. पान पावसाळाभर उन्हाचा तुकडा तुकडा पकडून जे काही बनवतं ते या नव्या कंदात जातं. पाऊस ओसरला की पान पिवळं पडतं, जुना कंद कुजतो आणि नवा कंद पुढच्या जूनपर्यंत कोरड्या मातीत गप्प पडून राहतो. म्हणजे रोप दर वर्षी आपल्या जागी एक नवं रोप ठेवून जातं. पान जुलैत तुडवलं गेलं तर रोप त्या दिवशी मरत नाही. नवा कंद भरत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही, कधी पानही येत नाही. त्यामुळे नुकसान करणाऱ्याला ते कधी कळतच नाही.

बियांची गोष्ट याहून नाजूक. एका बोंडात हजारो बिया, प्रत्येक धुळीच्या कणाएवढी. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतकी शिदोरी असते, आमरीच्या बीत ती नसते. मातीतली ठरावीक जातीची बुरशी बीत शिरली आणि तिने अन्न पुरवलं तरच बी वाढते. सुरुवातीला पानही नसतं, नुसता एक सूक्ष्म गोळा, तोही जमिनीखाली. फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांनी 1899 मध्ये हे नातं पहिल्यांदा उलगडलं. मोठ्या झालेल्या रोपाच्या मुळांतही बुरशी राहते. कंदात मात्र ती सहसा शिरत नाही. त्यामुळे कंद उचलून नेला म्हणजे बुरशी सोबत आली असं होत नाही.

ही बुरशी, हा कंद आणि सड्याची माती यांचा हिशेब एकमेकांत अडकलेला आहे. कास, पाचगणी, महाबळेश्वरच्या माथ्यांवर काळ्या बेसाल्टवर जांभ्याची टोपी बसलेली आहे. जांभा सच्छिद्र, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला. त्यावरची माती पातळ, आम्लधर्मी आणि अन्नाच्या बाबतीत गरीब. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात तोच सडा तापलेल्या तव्यासारखा असतो. मोठं झाड इथे मुळं रोवू शकत नाही, म्हणून ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. जमिनीला चिकटलेल्या एका पानाला तेच हवं असतं.

सडा वरून सपाट दिसला तरी आतून एकसारखा नसतो. उघड्या कातळावर ही आमरी मिळणार नाही. पाणी साचून राहतं, जिथे गेंद आणि दवबिंदू या वनस्पती उगवतात, त्या खळग्यांतही नाही. साचल्या पाण्यात कंद कुजतो. ती शोधायची खळग्याच्या काठापासून थोडं वर, जिथे चार बोटं माती आहे, पाणी वाहून जातं आणि गवत बुटकं आहे. काळी मुसळी आणि कुलू दिसायला लागली की चाल हळू करावी आणि नजर पायापुढच्या हातभर जागेवर ठेवावी. एक सापडली की जवळपास आणखी असतात.

‘कुंडीत लावली तर जगेल का?’ हा प्रश्न फोटो पाहिला की हमखास येतो. उत्तर नाही असंच आहे, आणि त्याची कारणं साधी आहेत. फूल दिसतं तेव्हाच माणूस खणतो, आणि नेमका तेव्हाच नवा कंद अर्धवट असतो. खणताना मुळं तुटतात, म्हणजे बुरशीही तुटते. कुंडीतल्या मातीत शेणखत असतं. गरीब मातीत घडलेल्या या मुळांना ते झेपत नाही. त्यातूनही पान तगलं तर ऑक्टोबरमध्ये ते वाळतं, आणि रोप मेलं म्हणून कुंडी रिकामी केली जाते, नाहीतर जगवायचं म्हणून रोज पाणी घातलं जातं आणि झोपलेला कंद सडतो. प्रयोगशाळेत बाटलीतल्या पोषकद्रव्यावर आमरीच्या बिया बुरशीवाचून रुजवता येतात, पण बाटलीतून सड्यावर जाणं हा वेगळाच पल्ला आहे. सालममिश्री या ताकदीच्या औषधाच्या नावाखाली जमिनीवरच्या बऱ्याच आमऱ्यांचे कंद उकरले जातात, त्यांचीही हीच गत: कंद नेला की ती जागा संपली. आमरी कुळातल्या सगळ्या जाती साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. पण सड्यावर खुरपं घेऊन बसलेल्या माणसाचा हात काही करार धरत नाही.

खणण्यापेक्षाही मोठं संकट म्हणजे सड्याला ‘पडीक’ म्हणण्याची सवय. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या आणि त्यांच्यासाठी रस्ते आले. कोल्हापूरच्या माथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. कोकणात जांभ्याचे चिरे काढतात, सुरुंग लावून खड्डे करतात आणि बाहेरची माती भरून कलमं लावतात. शेवटचं तर लोकांना हिरवळ वाढवल्यासारखं वाटतं. पण बाहेरची माती, खत आणि सावली आली की बुटकं गवत जातं आणि त्याच्याबरोबर ही आमरीही. पावसाळ्याआधी ‘वृक्षारोपण’ म्हणून सड्यावर खड्डे घेणं यातच आलं. सडा हा स्वतःच पूर्ण वाढलेला अधिवास आहे, त्याला झाडांची उणीव नाही.

वणवा आणि चराई यांबद्दल मी ठाम विरोधात नाही. उन्हाळ्यात गवतावरून झरझर गेलेली आग मातीखालच्या कंदापर्यंत सहसा पोचत नाही, आणि माजलेलं गवत कोणीतरी खाल्लंच पाहिजे, नाहीतर जमिनीसरशी असलेल्या पानाला ऊन मिळत नाही. कास पठाराला कुंपण घातलं गेलं आणि पुढे ते काढलंही, त्यामागे हीच चर्चा होती. खुरं वाईट ठरतात ती जून-जुलैत, माती मऊ असताना. गाड्यांची चाकं आणि माणसांचे बूटही तेव्हाच.

बघायला जाणाऱ्यांनी उघड्या कातळावरूनच चालावं, जांभा वजन सहन करतो, माती करत नाही. फोटोसाठी गुडघा टेकण्याआधी तिथे दुसरं पान नाही ना, हे हाताने गवत बाजूला सारून पाहावं. फुलाभोवतीचं गवत उपटू नये, कारण तेच ओल धरून ठेवतं. जात नक्की करायला चार फोटो पुरतात: पानासकट पूर्ण रोप, फूल समोरून, फूल बाजूने नळीच्या टोकापर्यंत, आणि आजूबाजूची जागा. शेजारी पट्टी धरली तर उत्तम. बाजूचा फोटो नसेल तर ओळख अडते, आणि नेमका तोच लोक विसरतात. फोटो लोकांपुढे टाकताना ठिकाणाची अचूक खूण काढून टाकावी, तालुका लिहिला तरी पुरे.

आणि शक्य असेल तर त्याच जागी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा जावं. फुलं मोजली होती ती वही बरोबर न्यावी आणि आता फुगलेली बोंडं मोजावीत. दहा फुलांमागे किती बोंडं धरली, हा एक आकडा दोन-तीन वर्षं सलग लिहिला तर त्या सड्यावर कीटक येतात की नाही हे कळू लागतं. न फुगलेला बीजांडकोश वाळून दांड्याला तसाच चिकटून राहतो, त्यामुळे उशिरा गेलं तरी मोजणी चुकत नाही.