पॅनेलवर कुलूप उघडं, रजिस्ट्रीत बंद

माझा रजिस्ट्रार (डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नोंदवून देणारी कंपनी) बंद होणार असल्याचं कळल्यावर मी माझी डोमेन दुसरीकडे हलवली. नव्या ठिकाणी खातं काढणं, पैसे भरणं, सगळं चुटकीसरशी झालं. अडलं ते जुन्याकडून लॉक (डोमेन हलवू न देणारं कुलूप) काढून ऑथ कोड (हलवण्यासाठी लागणारा पासवर्ड) मिळवताना, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जुन्या रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये, म्हणजे खात्याच्या पानावर, बटण होतं. दाबलं की हिरव्या अक्षरांत 'अनलॉक्ड'. कोडही दिसला. नव्या रजिस्ट्रारकडे टाकला, तर उत्तर: डोमेन लॉक आहे. परत पॅनेल उघडलं, तिथे हिरवंगार. सपोर्टला तिकीट टाकलं. 'आपली विनंती आम्हाला मिळाली' एवढंच यंत्राचं उत्तर. दुसरं तिकीट टाकलं, तर दोन्ही एकत्र करून पहिलंच बंद केलं! बंद पडायच्या आधी यांचं एवढं एकच खातं तत्परतेनं चालू होतं बहुधा.

शेवटी आयकॅनच्या (डोमेन नावांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) लुकअपमध्ये, म्हणजे नोंदी शोधायच्या पानावर, डोमेनचं नाव टाकून पाहिलं. स्टेटसमध्ये साफ लिहिलेलं: 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड', म्हणजे रजिस्ट्रारचं लॉक तसंच. म्हणजे पॅनेलनं मला हो म्हटलं, पण रजिस्ट्रीला (सगळ्या डॉट कॉमसारख्या नावांची मूळ नोंदवही ठेवणारी संस्था) काही कळवलंच नव्हतं. तेव्हा पॅनेलवर विश्वास ठेवू नका, लुकअप बघा. या पानाचा स्क्रीनशॉट, तारखेसकट, जपून ठेवा.

डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅनचा नियम आहे: मागितल्यावर 5 दिवसांत लॉक काढायचं आणि कोड द्यायचा. मी तोच नियम तिकिटात लिहिला, स्क्रीनशॉट जोडला, आयकॅनकडे तक्रार करतोय असंही कळवलं आणि खरोखरच तक्रारीचा फॉर्म भरला. मग कुठे स्टेटस हललं. नियम माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला वेगळी वागणूक मिळते, हे मात्र खटकतंच.

त्या गडबडीत मालकाचं नाव किंवा ईमेल बदलू नका, बऱ्याच ठिकाणी त्यामुळे 60 दिवसांचं लॉक बसतं. मालकाच्या नोंदीतला ईमेल चालू आहे ना, एवढं मात्र पाहून घ्या.

आता सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते. डोमेन हललं तरी नेमसर्व्हर (साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) आपोआप हलत नाहीत. ते बंद होणाऱ्या कंपनीचेच असतील तर एक दिवस साइट आणि मेल दोन्ही गायब. म्हणून आधी डीएनएसच्या, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या, सगळ्या नोंदी, विशेषतः एमएक्स (मेल कुठे जायचा ते) आणि टीएक्सटी (मेलची पडताळणी वगैरे), नव्या ठिकाणी उतरवून घ्या, मग नेमसर्व्हर बदला. डीएनएससेक (या नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर ते आधी काढून थोडं थांबा, नाहीतर नोंदी बरोबर असूनही साइट उघडत नाही.

मुदत संपत आलेलं डोमेन पहिलं हलवा. मात्र नुकतंच नूतनीकरण झालेलं असेल तर घाई नको: मुदत संपल्यावर आपोआप झालेल्या नूतनीकरणानंतर 45 दिवसांच्या आत हलवलं, तर वाढलेलं वर्ष रद्द होतं आणि भरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

ट्रान्सफर सुरू झाल्यावर जुन्या रजिस्ट्रारनं 5 दिवसांत नकार दिला नाही, तर ते आपोआप पूर्ण होतं. त्यांची उत्तर न देण्याची सवय इथे माझ्या पथ्यावर पडली. पोहोचल्यावर लॉक पुन्हा लावा आणि जुन्या खात्यातलं कार्ड काढून टाका.