शिनोळीचा टॉवर आणि ब्रिटिशांचे रोमिंग

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की तुरमुरी आणि बाची मागे पडून लगेच चंदगड तालुक्यातली शिनोळी लागते. आज या रस्त्यावर कोणी फोनकडे ढुंकूनही पाहत नाही. दहाबारा वर्षांपूर्वी मात्र बाची ओलांडताना पडद्यावरचे सर्कल बदलले आणि स्वागताचा संदेश आला, की जाणता माणूस येणारा फोन उचलत नसे. कारण कर्नाटकातले सिम महाराष्ट्राच्या टॉवरवर गेल्यावर इनकमिंगलाही पैसे पडत. गंमत म्हणजे त्यासाठी हद्द ओलांडण्याचीही गरज नव्हती. सीमेलगतच्या गावांत पलीकडच्या टॉवरची रेंज अधिक जोरदार असली, तर फोन आपणहून तिकडे जाई आणि स्वतःच्या सोप्यात बसलेल्या माणसाचा बॅलन्स रोमिंगच्या नावाखाली कापला जाई. शिनोळीच्या कारखान्यांत कामाला जाणारे कितीतरी जण म्हणूनच दोन सिमचा फोन बाळगत. सीमाप्रश्न जेव्हा सुटायचा तेव्हा सुटो, रोमिंगचा प्रश्न आम्ही दुसऱ्या सिमने सोडवला होता.

हे सारे आठवण्याचे कारण इंग्लंडमध्ये नोकरी करणारा माझा पुतण्या. सुट्टीत तो पॅरिसला गेला आणि तिथून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले, ‘काका, इथे उतरल्याबरोबर दिवसाचे दोन पौंड कापायला लागले. माझ्याबरोबरच्या जर्मन मुलीला एक पैसाही पडत नाही. हा काय प्रकार आहे?’ त्याला लिहिलेले उत्तर लांबत गेले, म्हणून ते इथे मांडतो आहे.

युरोपीय संघाने रोमिंगच्या दरांना हात घातला तो 2007 साली. त्या वर्षी संघातल्या देशांपुरता परदेशातून केलेल्या कॉलचा आणि घेतलेल्या कॉलचा कमाल दर ठरवण्यात आला. पुढे दर उतरत गेले आणि 15 जून 2017 पासून संघात कुठेही गेले तरी घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला. ग्राहकाला जे फुकट दिसते, ते कंपनीला फुकट नसते हे येथे ध्यानात घ्यावे लागते. पुण्याच्या पाहुण्याने आमच्या नळाचे पाणी वापरले तर पाणीपट्टी आम्हालाच भरावी लागते; रोमिंगमध्ये मात्र यजमान कंपनी पाहुण्याच्या कंपनीकडून त्याचे पैसे वसूल करते. या घाऊक दरालाही संघाने मर्यादा घातली. डेटासाठी 2022 साली ती जीबीमागे 2 युरो होती आणि ती टप्प्याटप्प्याने 2027 साली 1 युरोवर येणार आहे. घाऊक दर बांधला नसता, तर किरकोळ दर शून्यावर आणण्याचा हुकूम लहान कंपन्यांना पेलवला नसता, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच आहे.

युरोपीय संघ सोडलेले ब्रिटन 31 डिसेंबर 2020 रोजी संक्रमणकाळ संपल्यावर या व्यवस्थेबाहेर पडले. संघाशी झालेल्या व्यापार करारात रोमिंगचे दर पारदर्शक आणि वाजवी राहावेत यासाठी सहकार्याचा प्रयत्न करावा, इतकेच म्हटलेले आहे. दर किती असावा याचे बंधन कोणावरही नाही. शुल्क पुन्हा लावण्याचा आमचा विचार नाही, असे मोठ्या कंपन्या सुरुवातीला सांगत होत्या. मग 2021च्या जूनमध्ये ईई या कंपनीने शुल्काची घोषणा केली, पाठोपाठ व्होडाफोन आणि थ्री यांनीही केली, आणि 2022च्या पहिल्या सहामाहीत तिघांचीही आकारणी सुरू झाली. सर्वसाधारण दर दिवसाला 2 पौंड असा होता, आणि तो ठरावीक तारखेनंतर नवे कनेक्शन घेणाऱ्यांना किंवा योजना बदलणाऱ्यांना लागू झाला. ओटू या कंपनीने तेवढे शुल्क लावले नाही, पण परदेशातल्या डेटाला महिन्याला 25 जीबीची मर्यादा घातली.

दोन पौंड ऐकायला किरकोळ वाटतात. चौघांचे कुटुंब आठवडाभर स्पेनला गेले आणि चौघांनीही रोज फोन वापरला, तर 56 पौंड होतात. म्हणजे आपल्या हिशेबाने सहा हजार रुपयांच्या वर.

आमच्याकडे रोमिंग संपले ते मात्र निराळ्या वाटेने. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने 1 मे 2015 पासून रोमिंगमधल्या इनकमिंगचा कमाल दर मिनिटाला 75 पैशांवरून 45 पैसे केला, पण शून्य केला नाही. शून्य केले ते आधी बीएसएनएलने, त्याच वर्षी 15 जूनपासून. युरोपच्या आधी बरोबर दोन वर्षे, तारीखसुद्धा तीच. मग 2016च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले, आणि 1 एप्रिल 2017 पासून एअरटेलने देशांतर्गत रोमिंगचे शुल्क काढून टाकले. ही सवलत आम्हाला स्पर्धेने दिली, युरोपीयांना कायद्याने दिली. ब्रिटनमध्ये कायदा गेल्यावर स्पर्धा ग्राहकाला सांभाळील अशी अपेक्षा होती, पण एकाने दर लावल्यावर दुसऱ्याने त्याच्यापेक्षा स्वस्त होण्याऐवजी त्याचाच कित्ता गिरवला. मोजक्याच कंपन्या उरलेल्या बाजारात असे घडू शकते, हे आपल्याकडच्या ग्राहकानेही मनात ठेवायला हरकत नाही.

बाचीकरांना लगेच उमगेल असा भाग उत्तर आयर्लंडचा आहे. तो ब्रिटनचा भाग, आणि पलीकडचे आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघात. मधल्या सीमेवर ना तपासणी नाका, ना कुंपण; न्यूरी किंवा डेरी भागातल्या माणसाचा फोन घरबसल्या पलीकडच्या टॉवरला लागतो. वरच्या तिन्ही कंपन्यांनी आयर्लंडला दैनिक शुल्कातून वगळले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोव्हरजवळच्या सेंट मार्गारेट्स या गावी, समुद्रापलीकडे सुमारे तेहेतीस किलोमीटरवर असलेल्या फ्रान्सचे टॉवर फोन पकडतो. तिथे मात्र आयर्लंडची ही सूट कामाला येत नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने 1 ऑक्टोबर 2024 पासून कंपन्यांवर असे बंधन घातले आहे, की रोमिंग सुरू होताच ग्राहकाला दर स्पष्ट कळवावा आणि नकळत लागणारे रोमिंग कसे टाळावे तेही सांगावे. दराला हात न लावता केवळ सूचनेची सक्ती करणारा हा उपाय मला अपुरा वाटतो, तरी नसण्यापेक्षा तो बरा.

पुतण्याला मी शेवटी इतकेच लिहिले, की करार संपल्यावर युरोपातले रोमिंग योजनेत धरणारी कंपनी बघ, नाहीतर फोन ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवता येणारे सिम, घेणारा असेल तर त्या त्या देशापुरते डेटाचे ई-सिम घे आणि मूळ सिमचे डेटा रोमिंग बंद ठेव. मुलांकडे इंग्लंडला जाऊन तिथून युरोपची सहल करणारे आमच्या भागातले आईवडील तिथले सिम घेतात, तेव्हा त्यांनीही ते युरोपात चालते का आणि कोणत्या दराने, हे दुकानातच विचारून घ्यावे. डोव्हरहून बोटीने फ्रान्सला जाणार असाल तर समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. बोटीवरचे उपग्रहावर चालणारे नेटवर्क कोणत्याच देशाच्या योजनेत सहसा धरलेले नसते आणि त्याचा दर दिवसावर नव्हे, तर मिनिटावर आणि एमबीवर लागतो.