विणकामाचा अर्धा तास

आज दुपारची कामे आटोपल्यावर मोबाइल मुद्दाम आतल्या खोलीत ठेवला आणि भाचीच्या स्वेटरचे रेंगाळलेले विणकाम हाती घेतले. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीची कड गुंडाळत जाते, म्हणून काठ दहा नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुयांवर एक टाका सुलट, एक उलट असा विणला होता. पुढचा भाग आठ नंबरच्या सुयांवर घेतला. पुण्यात लोकरीची गरज ती किती, असे घरचे विचारतात आणि ते अगदीच खोटे नाही! पण वेळ उरल्यावर विणू म्हटले तर तो कधीच उरत नाही. म्हणून संध्याकाळच्या चहानंतरचा अर्धा तास मी आता विणकामाचाच धरते आणि त्या वेळात कुणी हाक मारली, तरी हातातली ओळ पुरी केल्याशिवाय उठत नाही. बाह्यांचे टाके उद्या घालीन.