टेकडीवरच्या गाड्या आणि सातबारा

नाशिकहून दिंडोरी रस्त्याने म्हसरूळ ओलांडून थोडे पुढे गेले की एक बुटकी, उघडी टेकडी लागते. तिला नाव नाही. आजूबाजूचे लोक नुसते ‘माळ’ म्हणतात. गेले सहा पावसाळे आम्ही काही शेजारी मिळून तिच्या उतारावर करंज, कडुलिंब, आपटा आणि सीताफळ लावतो आहोत, आणि गेली दोन वर्षे रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास तिथे चार-पाच मोटारसायकली येतात. त्यांच्या आवाजाने वैताग येतो, हे तर खरेच. परंतु आवाज दोन तासांत निघून जातो आणि चाकोऱ्या मागे राहतात, म्हणून आधी चाकोऱ्यांबद्दल लिहिते.

उतारावर पाणी अडावे म्हणून श्रमदानाने खणलेले सलग समतल चर आहेत. चरातून निघालेला मुरूम खालच्या बाजूला टाकून त्याचा बांध केला जातो, आणि नेमका हा बांध गाडी उडवण्यासाठी आयता चढ ठरतो. खोल खाचांचे टायर एकाच जागी दहा वेळा चढले की बांधाच्या माथ्यावर वीतभर रुंदीची खाच पडते. उन्हाळ्यात ती कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की चरात साठलेले सगळे पाणी तीच खाच शोधते, तिथून निसटते, खालच्या चरावर आदळते आणि तोही फोडते. मागच्या वर्षी अशा एकाच खाचेने ओळीने तीन चर रिकामे केले आणि खाली सीताफळाची जी आळी होती, तिथे फक्त धुऊन निघालेला कातळ उरला. आपल्याकडच्या टेकड्यांवर माती असते ती मुळात चार बोटे, ती एकदा वाहून गेली की आपल्या हयातीत काही परत येत नाही.

दुसरी गोष्ट टिटवीची. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या मुरमावर, खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते. माणूस जवळ आला की ती डोक्यावर घिरट्या घालून आरडाओरडा करते आणि माणूस बाजूला होतो. हेल्मेट घातलेल्या, इंजिन ताणून वर येणाऱ्या मुलाला तो ओरडा ऐकू येण्याची काहीच शक्यता नसते. गेल्या एप्रिलमध्ये चाकाच्या खुणेच्या अगदी कडेला दोन फुटकी अंडी दिसली आणि तिसरे, शाबूत, बोटभर अंतरावर होते.

आम्ही तक्रार करायला गेलो तेव्हा पहिल्याच ठिकाणी ऐकायला मिळाले की टेकडी म्हणजे काही रस्ता नव्हे, तिथे वाहतुकीचा कायदा कसा लावायचा? दुसऱ्या ठिकाणी सांगितले की जागा आमच्या ताब्यातील नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी पुन्हा पहिल्याकडे जायला सांगितले. या फेऱ्यांत दोन महिने गेले. मग आमच्यातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी सुचवले की आधी गटाचा नकाशा आणि सातबारा काढा, भांडण कोणाच्या अंगणात आहे ते तरी कळेल. ते कळल्यावर गोंधळाचे कारणही समजले: वरचा भाग वनाचा, मधला पट्टा गायरानाचा, आणि गाड्या ज्या पायवाटेने वर चढतात ती एका शेतकऱ्याच्या खासगी गटातून जाणारी. तिन्ही कार्यालये आपापल्या परीने खरेच बोलत होती.

कायदा लागू होत नाही, हे मात्र खरे नव्हते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ (३४) मध्ये सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या आहे आणि तीत रस्त्याबरोबरच, ये-जा करण्याची वाट असो वा नसो, जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा येते. त्यामुळे डांबर संपले म्हणजे नोंदणी, परवाना आणि हेल्मेटही संपले असे होत नाही. शिवाय यातल्या निम्म्या गाड्यांना नंबरप्लेट नसते, आणि त्या काही टेकडीवर उगवत नाहीत. घरापासून टेकडीपर्यंत त्या डांबरी रस्त्यानेच येतात, वाटेत पेट्रोलही भरतात. नोंदणी नसलेले किंवा परवाना नसलेल्या व्यक्तीने चालवलेले वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना कलम २०७ देते. म्हणून आमच्या दुसऱ्या अर्जात आम्ही टेकडीवर पाठलाग करण्याची मागणी मुद्दाम केली नाही. उतारावर पाठलाग झाला तर कोणाचा तरी पाय मोडणार, कदाचित मानही, आणि ते आम्हाला नको होते. ‘रविवारी सहा ते साडेसहा, टेकडीखालच्या वळणावर’ एवढेच नेमके लिहिले, सोबत आठ रविवारच्या नोंदी जोडल्या, आणि मग मात्र खरोखरच नाकाबंदी झाली.

अडवलेल्या पाच जणांपैकी दोघे सोळा वर्षांचेही नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. हे ऐकल्यावर एका मुलाच्या वडिलांचा चेहरा पाहवला नाही. ‘पोरगं क्लासला जातंय असं सांगून निघतं हो,’ एवढेच ते म्हणाले.

वन कायद्याचा आधार घ्यावा की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. भारतीय वन अधिनियम १९२७ चे कलम २६ राखीव वनात विनापरवाना शिरण्याला गुन्हा ठरवते, परंतु त्याच कलमात गुरे चारणेही येते. गाड्यांसाठी ओढलेला चाबूक आधी शेळ्यांवर पडायचा, या भीतीने आम्ही ते अर्जात घातले नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याच्या कलम ५९ ने अशा उपद्रवी गाड्या आधी ताकीद देऊन मग जप्त करण्याची सोय केली. आपल्याकडे उपद्रव या नावाने गाडी नेण्याची इतकी थेट तरतूद नाही, पण वर लिहिलेली कलमे वापरली तरी बरेच भागते.

पायवाटेवर अडथळा करायचे ठरले तेव्हाही पहिली चूक आमचीच. आम्ही मोठे दगड आडवे टाकले. दुसऱ्याच दिवशी शेळ्या घेऊन येणारे आजोबा वाटेत उभे राहून म्हणाले, ‘ताई, गाडीवाला दगड सरकवून जाईल, आमच्या गाभण शेळ्या कुठून नेऊ?’ त्यांच्याच सांगण्यावरून मग दोन लोखंडी खांबांच्या जोड्या आगेमागे, थोड्या तिरक्या बसवल्या. मधून माणूस आणि शेळी वळून जाते, मोटारसायकलचे हँडल मात्र अडकते. शेतकऱ्याने जागा आणि सिमेंट दिले, खर्च आम्ही वर्गणीतून केला. पलीकडच्या बाजूने वर येणारी वाट अजून मोकळीच आहे, हेही सांगायला हवे.

या मुलांना खलनायक ठरवणे मला जमत नाही. त्यांच्यातला एक जण, ज्याच्याकडे हेल्मेट, गुडघ्याचे कवच, कागदपत्रे सगळे होते, मला म्हणाला, ‘काकू, मग चालवायची कुठे?’ सुपरक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या चढउतारांवरून मोटारसायकली उडवण्याच्या, स्पर्धा पाहिलेल्या या शहरात त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही, हे मला खटकले. शहराबाहेर खडीच्या खाणी बंद पडलेल्या आहेत. तिथे ना माती उरली आहे ना झाडे. त्यातली एखादी जागा वस्तीपासून पुरेशी दूर असेल, सकाळच्या ठराविक वेळेपुरती उघडी राहील आणि दारात रुग्णवाहिका उभी असेल, तर सरावाचा ट्रॅक तिथेच शोभेल. त्या मुलासह आम्ही अकरा जणांच्या सह्यांचा अर्ज पावसाळ्याआधी दिला. अर्जाची पोच मिळाली आहे. जागेची मोजणी व्हायची आहे, तिची तारीख अजून आलेली नाही.