दाबलं म्हणजे दाबलं

लिफ्टचं बटण आधीच पेटलेलं असतं. तरी नंतर आलेला प्रत्येक माणूस पुढे होतो आणि ते पुन्हा एकदा दाबतो. आधीच्याने नीट दाबलं नसेल, ही शंका चेहऱ्यावर लपत नाही. मला या माणसांबद्दल आपुलकी आहे, कारण मी त्यांच्यातलाच. त्याने लिफ्ट लवकर येत नाही हे डोक्याला कळतं, बोटाला कळत नाही. आपण काहीतरी केलं याचा पुरावा बोटाला लागतो. थोडा विरोध, मग एकदम शरणागती, आणि वर एक बारीकसा ‘टक्’. एवढं मिळालं की ते निवांत.

लिफ्टच्या आतलं दार लावायचं बटण ही आणखी एक गंमत. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा आला. कुबड्या किंवा चाकांची खुर्ची घेऊन येणाऱ्यालाही आत शिरता यावं, म्हणून लिफ्टचं दार ठरावीक वेळ उघडं राहिलंच पाहिजे असं ठरलं. तेव्हापासून तिथल्या बहुतेक लिफ्टमध्ये ते बटण तुमच्याआमच्यासाठी शोभेचं आहे. खरं चालतं ते अग्निशमन दलाकडे किंवा देखभालीच्या माणसांकडे असलेल्या किल्लीने. लोक दाबतात, दार त्याच्या वेळेला लागतं आणि दाबणारा खूश. फसवणूक आहेच, पण इतकी निरुपद्रवी की तक्रार कोणी करावी?

माझी तक्रार वेगळी आहे. गेल्या दहापंधरा वर्षांत वस्तू बनवणाऱ्यांना बटणाची लाज वाटायला लागली आहे. फोन, शेगडी, कपडे धुण्याचं यंत्र, गाडी, जे बघावं त्याच्या तोंडावर गुळगुळीत काच. दुकानात उभी असताना वस्तू देखणी दिसते, यात वाद नाही. ओल्या हाताने वापरायची वेळ येईपर्यंत ती देखणीच राहते.

ओल्या हाताशी काचेचं का जमत नाही, याचं कारण सरळ आहे. ही काच दाब ओळखत नाही, वीज ओळखते. काचेखाली न दिसणारी विद्युतवाहक जाळी असते, बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि यंत्र समजतं की इथे कोणीतरी आलंय. आता पाण्याचा थेंबही तोच बदल घडवू शकतो. म्हणून ओलं बोट लावलं की यंत्राला कधी पाच बोटं दिसतात, कधी एकही नाही. माझ्याकडच्या कपडे धुण्याच्या यंत्राने तर एकदा पुसायच्या फडक्याचा हुकूम मानून धुलाई सुरू केली होती. त्याने निवडलेला प्रकार माझ्यापेक्षा योग्य होता, पण तत्त्व म्हणून मला ते आवडलं नाही.

बटणाच्या इतिहासातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे झेनिथ कंपनीने १९५६ साली काढलेला टीव्हीचा रिमोट. नाव भारदस्त, ‘स्पेस कमांड’. आदल्याच वर्षी त्यांनी दुसरा एक रिमोट काढला होता, त्यातून टीव्हीच्या कोपऱ्यांवर प्रकाशाचा झोत मारायचा. कल्पना झकास, पण खिडकीतून ऊन आत आलं की टीव्ही आपल्या मनाने चॅनेल बदलायचा. मग काम रॉबर्ट ॲडलर या संशोधकाकडे आलं. विक्रीवाल्यांची एकच अट होती : रिमोटमध्ये सेल नकोत. सेल संपले की गिऱ्हाईक टीव्ही बिघडला असं समजेल, ही त्यांची भीती. ॲडलरने रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या चार दांड्या बसवल्या. बटण दाबलं की स्प्रिंगवरचा चिमुकला हातोडा दांडीच्या टोकावर आपटायचा, दांडी माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत वाजायची आणि टीव्ही कान देऊन ते ऐकायचा. दांड्यांची लांबी एकमेकींपेक्षा जराजराशी वेगळी, म्हणून सूरही वेगळे. एक सूर चालू-बंदचा, एक आवाज बंद करायचा, आणि उरलेले दोन चॅनेल पुढेमागे न्यायचे. थोडक्यात, चार सुरांचं वाद्य आणि श्रोता एकच.

किल्ल्यांचा जुडगा खणखणला तरी कधीकधी चॅनेल बदलायचं म्हणतात. तरी ही कल्पना पाव शतक टिकली. १९८० च्या सुमारास इन्फ्रारेड रिमोट आले तेव्हा कुठे ती मागे पडली. मला त्यात आवडतं ते हे, की सगळी ताकद अंगठ्याची होती. मध्ये ना वीज, ना चिप. अर्धवट दाबलं तर हातोडा सुटायचाच नाही. दाबलं म्हणजे दाबलं, नाही म्हणजे नाही.

काचेवर बोट ठेवणं म्हणजे बंद दारासमोर हाक मारून थांबण्यासारखं आहे. आत कोणी ऐकलं का, हे बघायला डोळे लावून बसावं लागतं. आणि खरी मेख या डोळ्यांतच आहे. बटण न बघता दाबता येतं. संगणकाच्या कळफलकावर तर्जनीच्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, जुन्या फोनच्या पाचच्या आकड्यावर तसाच एक असायचा. अंधारात बोट तिथे टेकलं की बाकीचा सगळा भूगोल हाताला पाठ. काचेला भूगोलच नाही, सगळीकडे सारखंच सपाट मैदान.

फोन हातात धरून सोफ्यावर लोळताना याने काही बिघडत नाही. गाडीत बिघडतं. ‘वी बिलॅगरे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये एक साधीच चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवत असताना हवा गरम करणं, रेडिओचं स्टेशन बदलणं अशी चार किरकोळ कामं करायची. २००५ सालच्या, बटणांनी भरलेल्या जुन्या व्हॉल्व्होत ती दहा सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी सुमारे ३०० मीटर गेली. पडदेवाल्या नव्या गाड्यांपैकी सगळ्यात मागे राहिलेलीत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्यात सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता मागे पडला, आणि चालकाचं लक्ष रेडिओ कुठल्या पानावर आहे हे शोधण्यात. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना हाताला लागणारं बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलं आहे. हॉर्नला बटण असावं हे नियमात लिहायची वेळ यावी, यातच सगळं आलं.

समुद्रावर याची किंमत फार मोठी मोजावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि दहा नौसैनिक गेले. नौकेचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होते. एका पडद्यावरचा ताबा दुसऱ्याकडे देताना गोंधळ झाला आणि कोणाच्या हातात काय आहे तेच कोणाला कळेना. प्रशिक्षण अपुरं होतं, थकवा होता, दोष एकट्या काचेचा नव्हे. पण २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने अशा नौकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ओढायच्या दांड्या बसवायचं ठरवलं. नौसैनिकांनाही त्याच हव्या होत्या.

बटणाचं खरं घर मात्र व्हिडिओ गेम. तिथे बोटाला वेळेचा इतका बारीक हिशोब करावा लागतो की आळशी बटण चालतच नाही. हाताच्या अंगठ्याखाली येणारं ते अधिक चिन्हासारखं बटण सगळ्यांनी पाहिलेलं असेल. निन्टेन्डो या जपानी खेळ कंपनीच्या गुनपेई योकोईने ते १९८२ साली ‘डाँकी काँग’च्या हातातल्या छोट्या खेळासाठी केलं. त्याआधी उभी दांडी असायची, ती घडी घालून खिशात जाईना. योकोईचं बटण चपटं. मधोमध एक टेकू, त्यावर ते डुलतं, म्हणून डावीकडे दबलं की उजवी बाजू आपोआप वर. एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जायचा वेडेपणा खेळाडूला ठरवूनही करता येत नाही.

खेळताना हातात धरायचा असा एक जुना कंट्रोलर मी उघडून पाहिला आहे. आत काही म्हणजे काही नसतं. मऊ रबराची एक चटई, तिला छोटे घुमट आलेले, आणि प्रत्येक घुमटाच्या पोटात काळ्या कार्बनची एक टिकली. खाली हिरव्या पाटीवर दोन पट्ट्या एकमेकींना न चिकटता शेजारी बसलेल्या. दाबलं की घुमट खचतो, टिकली दोन्ही पट्ट्यांना टेकते, वीज वाहते, गडी उडी मारतो. सोडलं की रबर आपसूक वर. टीव्हीच्या रिमोटमध्येही आज बहुधा हेच असतं. या चटईवर कितीतरी पोरांनी तळहात घामेजून घेतले आहेत आणि ती तरीही चालते.

या बटणांमुळे अंगठ्याला एक वेगळी स्मरणशक्ती येते. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा खेळ निन्टेन्डोच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर, आणताना कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासून बघायचा होता, पण खेळ एवढा अवघड की ते स्वतःच पुढे जाईनात. मग त्यांनी स्वतःपुरती एक चोरवाट ठेवली : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. ती क्रमावली तशीच राहिली, खेळाडूंना सापडली आणि पुढे ‘कॉन्ट्रा’ या खेळात तिनेच तीस जीव मिळू लागले. कितीतरी जणांना ती आजही पाठ आहे. तोंडी विचारा, अडखळतील. हातात कंट्रोलर द्या, अंगठा धडाधड सांगून मोकळा.

आता हेच खेळ फोनच्या काचेवर खेळून बघा. पडद्यावर बटणांची चित्रं काढलेली असतात, आणि ती दाबायला बोट नेलं की त्या बोटाखालीच शत्रू लपतो. शिवाय अंगठा हळूहळू घसरत चित्राबाहेर जातो, हे कळतं ते गडी खड्ड्यात पडल्यावर.

बटण म्हणजे शहाणपणाचा पुतळा, असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या संगणकांवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं आणि त्याचं खरं काम संगणकाचा वेग कमी करणं हे होतं. पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. त्या काळातले काही खेळ तोच वेग धरून लिहिलेले. वेगवान संगणकावर ते असे सुसाट सुटायचे की सुरू होता होता तुम्ही मेलेले असायचे. म्हणून वेग उतरवायची सोय ठेवावी लागली. पण ‘मंद’ असं लिहिलेलं बटण कोणी विकत घेईल का? सोनीच्या प्लेस्टेशन या खेळयंत्राचा घोळ त्याहून मोठा. जपानमध्ये गोलाचं बटण म्हणजे होय आणि फुलीचं म्हणजे नाही, बाहेरच्या जगात मात्र फुली म्हणजे होय. हे चक्क पंचवीस वर्षं चाललं. २०२० मध्ये पाचवा प्लेस्टेशन आला तेव्हा जपानलाही फुलीवर आणलं, आणि तिथल्या खेळाडूंना ‘होय’ नव्याने शिकावं लागलं. आकड्यांचं तरी कुठे जमलंय! तुमच्याच फोनमध्ये नंबर फिरवायचा पडदा उघडा, एक वरती. कॅल्क्युलेटर उघडा, सात वरती. दोन्ही एकाच काचेवर, आणि आपण काही न बोलता दोन्ही वापरतो.

काचेचं देणंही मान्य केलं पाहिजे. छापील कळांवर फार तर एकदोन लिप्या मावायच्या, काचेवर जगातली कुठलीही लिपी हवी तेव्हा येते आणि काम झालं की निघून जाते. नकाशा दोन बोटांनी मोठा करणं कुठल्याच बटणाला जमलं नसतं. आयफोन ७ मध्ये तर ॲपलने गंमतच केली : खालचं गोल बटण हलतच नाही, पण दाबलं की आतलं यंत्र असा झटका देतं की ते खचल्याची बोटाला खात्री पटते. फोन बंद करून दाबा, नुसता दगड. बटण काढून टाकलं आणि त्याचा भास मात्र मुद्दाम बसवला, याला मी बटणाचा विजय समजतो.

एवढं सगळं असूनही बटणांचा एक नवा प्रकार मला सहन होत नाही. टीव्हीच्या रिमोटवरची कामाची बटणं कमी करत करत मूठभर ठेवली आहेत आणि वाचलेल्या जागेत सिनेमे दाखवणाऱ्या सेवांच्या नावांची रंगीत बटणं घातली आहेत. ती तिथे असावीत म्हणून त्या सेवा पैसे मोजतात. आवाज कमी करायला अंगठा खाली येतो, जरा जास्त खाली जातो, आणि ऐन रहस्यभेदाच्या क्षणी सिनेमा गायब होऊन भलत्याच सेवेचं ‘खातं उघडा’ समोर येतं. शेवटी मी रिमोट उघडला, त्या बटणाच्या घुमटाखाली कागदाचा कपटा सरकवला आणि झाकण लावून टाकलं. टिकली आता पट्ट्यांना टेकतच नाही. पाहुण्यांनी ते दाबून पाहिलं आणि काही झालं नाही, की मी म्हणतो, नेट गेलं असेल.