१० वर्षांची टॉनी की २० वर्षांची? चोवीस फेऱ्यांची नोंद

लेबल दिसत असलं की जुनी पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन, ओळखणं सोपं असतं. '२० वर्षे' असं वाचलं की घोट घ्यायच्या आधीच अक्रोडाची चव यायला लागते. म्हणून यावेळी प्रश्न एकच ठेवला: पोर्ट बनवणाऱ्या एकाच घराण्याची १० वर्षांची आणि २० वर्षांची टॉनी (लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट), काहीही न दिसता, मला वेगळी ओळखता येते का?

पद्धत तीन ग्लासांची. दोन ग्लासांत एकच पोर्ट, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता तेवढं सांगायचं. ओतण्याचं काम धाकट्या बहिणीकडे. दोन पोर्ट तीन ग्लासांत मांडायचे सहाच प्रकार होतात आणि फाशाला आकडेही सहाच, म्हणून ती स्वयंपाकघरात फासा टाकते, येईल त्या आकड्याप्रमाणे ओतते आणि वहीत लिहून वही बंद करते. प्रत्येक ग्लासात १२ मिली. रंगावरून लगेच कळतं (दहाच्या टॉनीत अजून विटकरी लाली असते, विसाची तांबूस-सोनेरीकडे झुकलेली), म्हणून ग्लासांना बाहेरून काळा कागद आणि खोलीत मंद दिवा. घोट तोंडात फिरवून थुंकायचा, नाहीतर तिसऱ्या फेरीपर्यंत नाक काही कामाचं राहत नाही.

सुरुवातीच्या चार फेऱ्या मी बाद केल्या आहेत. चारही बरोबर आल्या होत्या आणि मला फार आनंद झाला होता. मग बहीण म्हणाली, "दादा, दहाची बाटली तू कधी उघडली होतीस?" तीन आठवडे झाले होते, बाटली अर्ध्याच्या खाली आली होती. विसाची त्याच दिवशी उघडलेली. म्हणजे मी वय ओळखत नव्हतो, शिळी आणि ताजी ओळखत होतो. टॉनी लाकडात हवेशी जुळवून घेत मुरलेली असते, त्यामुळे उघडल्यावर व्हिंटेजपेक्षा (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, मुख्यतः बाटलीत मुरणारी पोर्ट) कितीतरी जास्त टिकते हे खरं. व्हिंटेज दोन-तीन दिवसांतच उतरायला लागते. पण टिकते म्हणजे बदलत नाही असं नव्हे.

मग दोन्हींच्या नव्या बाटल्या घेतल्या आणि उघडल्याबरोबर ९० मिलीच्या लहान काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवल्या, प्रत्येकीच्या आठ. एका संध्याकाळी दोन्हींची एकेक लहान बाटली, तीन फेऱ्या. आठ संध्याकाळी मिळून चोवीस फेऱ्या. घरी तुलना करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करायला सांगेन. बाकी सगळं नंतर.

पहिल्या बारा फेऱ्या: १२ पैकी ५ बरोबर.

नुसता अंदाज ठोकला तरी सरासरी ४ बरोबर येतात. म्हणजे काहीही कळलेलं नव्हतं. वाईट वाटलं, कारण इतकी वर्षं मी हा फरक मोठ्या खात्रीने सांगत आलो होतो.

वही उघडून चुका तपासल्यावर दोन गोष्टी सापडल्या. चुकलेल्या ७ फेऱ्यांपैकी ५ मध्ये मी पहिलाच ग्लास 'वेगळा' म्हणून निवडला होता. कोऱ्या जिभेवर १९-२० टक्के अल्कोहोल आणि एवढी साखर पहिल्यांदा पडते तेव्हा तो घोट वेगळा लागणारच, आत काहीही असो. दुसरी गोष्ट माझ्या टिपणांत होती. जवळजवळ प्रत्येक ओळीत 'जास्त गोड', 'कमी गोड' असंच लिहिलेलं. मी गोडीच्या मागे लागलो होतो.

गोडीवर वय का ठरत नाही हे पोर्ट कशी होते ते आठवलं की लक्षात येतं. पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षं तुडवल्यावर आंबवण दोन-तीन दिवसच चालू देतात. मग त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. लिटरमागे साधारण १०० ग्रॅम. ही दहातही असते आणि विसातही. पुढच्या वर्षांत लाकडातून पाणी आणि अल्कोहोल उडत जातं. साखर थोडी घट्ट होते, पण तिच्याबरोबर आम्लताही घट्ट होते आणि ती गोडीला ताणून धरते. त्यामुळे जुनी टॉनी कधीकधी कमी गोड वाटते. मी दोन्ही बाजूंनी फसत होतो.

(जाता जाता: दोरूतलं पारंपरिक पिंप सुमारे ५५० लिटरचं असतं, पोर्तुगीजमध्ये 'पिपा'. आपला 'पिंप' हा शब्द तिथूनच आला. हे कळल्यापासून हा शब्द लिहिताना मला वेगळीच जवळीक वाटते.)

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी होती. लेबलावरचं '२०' म्हणजे नेमकं वीस वर्षं मुरलेलं एकच पिंप नव्हे. निरनिराळ्या वयांच्या पोर्टचं ते मिश्रण असतं, आणि पोर्टवर देखरेख ठेवणाऱ्या पोर्तोच्या संस्थेचं परीक्षक मंडळ चव घेऊन ठरवतं की यात वीस वर्षांचा स्वभाव आहे की नाही. म्हणजे तिथेही शेवटी माणसाची जीभच निवाडा करते. एकाच वर्षाच्या द्राक्षांची टॉनी हवी असेल तर 'कोल्येइता' लिहिलेली घ्यायची, ती किमान सात वर्षं लाकडात असते.

दुसऱ्या बारा फेऱ्यांसाठी तीन बदल केले. प्रत्येक फेरीआधी वेगळ्याच टॉनीचा एक घोट, नुसता जीभ तयार व्हायला, त्याचे गुण नाहीत. तापमान २४ अंशांवरून १४ वर आणलं. २४ ला अल्कोहोल नाकात घुसतं आणि त्यामागचं सगळं झाकून टाकतं, १४ ला ते मागे सरकतं. आणि गोडीबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. त्याऐवजी थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजायचं.

हा शेवटचा बदल सगळ्यात मोठा ठरला. दहाच्या टॉनीची चव पंधरा-वीस सेकंदांत विरते. आधी सुक्या अंजिराची, मग थोडी कॅरॅमलची, आणि संपते. विसाची चव विसाव्या सेकंदाला वळण घेते. फळ मागे पडतं आणि संत्र्याची सुकी साल, अक्रोड, हलकी कडसर कॉफी असं एकेक पुढे येतं. चाळिसाव्या सेकंदालाही जिभेच्या कडांना आम्लता जाणवत असते. ते वळण आलं की मी थांबायचो आणि ग्लासावर बोट ठेवायचो.

१२ पैकी ९ बरोबर. अंदाजाने ८ किंवा त्याहून जास्त येण्याचा प्रसंग शंभरात जेमतेम दोनदा येतो, म्हणून या निकालावर मी विश्वास ठेवतोय. चुकलेल्या तीनपैकी दोन आपापल्या संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्या होत्या, जीभ थकलेली. यापुढे एका बैठकीत दोनच फेऱ्या.

एक नोंद राहिली. आठव्या संध्याकाळनंतर ग्लास न धुता तसेच टेबलावर राहिले. सकाळी तळाशी सुकलेला थर होता, बहिणीने सहज वास घेतला आणि म्हणाली, "दादा, याला मेथीदाण्यांचा वास येतोय." मी वही पाहिली. तो विसाचा ग्लास होता. जुन्या टॉनीत वर्षागणिक सोटोलॉन वाढत जातं, आणि मेथीदाण्यांना त्यांचा वास देणारं द्रव्यही तेच. हे मी कधीच वाचलेलं होतं, पण भरल्या ग्लासात मला ते एकदाही पकडता आलं नव्हतं. अल्कोहोल उडून गेल्यावर मात्र ते एकटंच उरलं होतं, इतकं स्पष्ट की दहाच्या ग्लासाशी गफलत होणं शक्य नव्हतं. पुढच्या बारा फेऱ्या रात्रभर सुकलेल्या रिकाम्या ग्लासांवर, फक्त नाकाने करायच्या आहेत.